मावशीसाठी एकच लेन्स : १८-३०० झूमची पारख

"मला एकच लेन्स सुचव. बदलत बसायला लावू नकोस." जानेवारीत मावशीचा फोन आला तो एवढ्यासाठीच.

मावशी चिपळूणला असते. वय ६३. भूगोल शिकवून निवृत्त झाली आणि मग फोटोग्राफीच्या मागे लागली. तिच्याकडे निकॉनचा डी५६०० आहे, त्याच्यासोबत १८-५५ आणि ७०-३०० या दोन लेन्स. (हे आकडे फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये. आकडा लहान तर दृश्य रुंद, मोठा तर लांबचं जवळ दिसतं.) फेब्रुवारीत मुलगा, सून आणि नातू सोन्या यांच्याबरोबर चार दिवस वेरूळ, दौलताबाद, अजिंठा असा बेत ठरला होता आणि मीही जाणार होते. तिच्या तक्रारी दोन होत्या. उजवा गुडघा दुखतो, त्यामुळे पिशवी खाली ठेवून, वाकून लेन्स काढणं जड जातं. शिवाय मागच्या वर्षी सज्जनगडावर वाऱ्यात लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसली. त्या सहलीच्या प्रत्येक आभाळात एकाच जागी काळा ठिपका आहे.

माझ्या एका मित्राकडे एफ/३.५-६.३ ची १८-३०० झूम पडून होती. (एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा. जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो.) ती तीन आठवड्यांसाठी मागून आणली. कंपनीचं नाव लिहीत नाही. या आकड्यांची लेन्स एकाहून जास्त कंपन्यांनी काढली आहे, आणि एका वापरलेल्या नगावरून कोणाला नावं ठेवणं मला पटत नाही. पुढे जे लिहिलंय ते या जातीच्या बहुतेक लेन्सना थोड्याफार फरकानं लागू पडेल.

आधी जुने फोटो

लेन्स हातात घेण्याआधी मी मावशीकडून तिच्या दोन वर्षांच्या फोटोंची हार्डडिस्क मागवली. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो किती फोकल लेंग्थवर काढला हे नोंदलेलं असतं. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याप्रमाणे गाळलं की माणसाची सवय उघडी पडते. लेन्स सुचवा म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी करायला सांगते, कारण आपल्याला काय लागतं हे आपण तोंडानं एक सांगतो आणि फोटो दुसरंच सांगतात.

मावशी म्हणत होती, "मला लांबचं लागतं." फोटोंमध्ये ३०० वर काढलेले होते ते जवळपास सगळे पक्ष्यांचे, त्यातही भिगवणच्या एकाच सहलीचे. १८ वर भरपूर होते. पण सगळ्यात मोठा ढीग होता बरोबर ५५ वर. छोट्या झूमच्या शेवटच्या टोकावर एवढे फोटो साचतात याचा अर्थ हाताला अजून पुढे जायचं होतं आणि लेन्स संपली होती. दुसरी पिशवीत होती, पण काढायचा कंटाळा किंवा गुडघा आडवा आला. मग तेच फोटो तिनं घरी कापून मोठे केले होते. किती कापले ते पाहिलं तर तिला खरोखर हवं होतं ते १०० ते २०० च्या दरम्यानचं.

कापण्याचा हिशेब साधा आहे. डी५६०० चा फोटो २४ मेगापिक्सेलचा. ५५ वर काढलेला फोटो २०० वर काढल्यासारखा दिसेपर्यंत कापला तर हातात जेमतेम १.८ मेगापिक्सेल उरतात. तेवढ्यात मोबाईलवर पाठवण्यापुरता फोटो होतो, भिंतीवर लावण्यासारखा होत नाही. १४० वरून ३०० पर्यंत कापला तर मात्र सुमारे ५.२ मेगापिक्सेल राहतात आणि ८ बाय १२ इंचांची प्रिंट ठीकठाक निघते. या आकड्यावरून माझं मत तिथेच बनत चाललं होतं, की हिला १८-१४० पुरे. ३०० ची गरज नाही.

वजनाचाही एक गैरसमज इथेच दूर झाला. मावशीची १८-५५ आहे २०५ ग्रॅमची आणि ७०-३०० आहे ४१५ ची. दोन्ही मिळून ६२० ग्रॅम. १८-३०० जातीची लेन्स साडेपाचशे-सहाशे ग्रॅमच्या घरात येते. म्हणजे खांद्यावरचा भार जवळजवळ तेवढाच, उलट तो सगळा कॅमेऱ्याच्या तोंडाशी लटकतो. निकॉनची १८-१४० आहे ४९० ग्रॅमची. वजन कमी व्हावं म्हणून प्रवासी झूम घेणाऱ्यांनी आपल्याकडच्या लेन्स आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवाव्यात. वाचते ती अदलाबदल, वजन नाही वाचत.

भिंतीवरचं वर्तमानपत्र

तपासणीसाठी माझ्याकडे चाचणीचे तक्ते नाहीत आणि लागतही नाहीत. हॉलच्या भिंतीवर वर्तमानपत्राची छोट्या जाहिरातींची चार पानं चिकटवली, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला अगदी समोरासमोर लावला, लेन्समधलं कंपनरोधक बंद केलं आणि दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो काढले. १८, ३५, ७०, १३५, २०० आणि ३०० वर, प्रत्येक ठिकाणी अ‍ॅपर्चर (म्हणजे ते छिद्र) पूर्ण उघडं, मग एफ/८, मग एफ/११.

पहिली गोष्ट बघायची ती चारही कोपरे सारखे आहेत का. डावा वरचा कोपरा स्वच्छ आणि उजवा खालचा धूसर असेल तर आतली एखादी भिंग सरकलेली असते. तो नग घ्यायचाच नाही, मग तो कितीही स्वस्त असो. आमच्या नगाचे कोपरे सारखे होते, म्हणजे सारखेच मऊ. १८ वर स्तंभांच्या रेघा बाहेर फुगल्या, ३५ च्या पुढे त्याच रेघा आत झुकल्या. हे सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर सरळ होतं. स्वतःच्या कंपनीच्या लेन्सचं तर कॅमेराच जेपेगमध्ये बरंचसं दुरुस्त करतो. कोपऱ्यांतला मऊपणा मात्र तसा निघत नाही.

३५ ते १३५ मध्ये लेन्स छान चालली. "वधू पाहिजे" मधली बारीक अक्षरं एफ/८ वर मध्यभागी स्वच्छ वाचता आली. २०० वर एफ/८ ला समाधानकारक. ३०० वर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला अनुस्वार अक्षरात मिसळून गेले. एफ/८ वर ते सुटे झाले, पण कडा पुसटच राहिल्या. एफ/११ च्या पुढे गेलं की एवढ्या दाट पिक्सेलच्या सेन्सरवर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) पुन्हा मऊपणा येतो, म्हणजे तिकडेही सुटका नाही.

असं का होतं हे समजून घेतलं की लेन्सवर राग येत नाही. १८ ते ३०० म्हणजे जवळजवळ १७ पट. रुंद कोनासाठी भिंगांची जी रचना लागते ती लांबच्या टोकाला अडचणीची ठरते, म्हणून आतले गट पुढे-मागे सरकवत दोन्ही टोकांना तडजोड करावी लागते. स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी १९५९ मध्ये आलेली फोइग्टलँडरची पहिली झूम ३६-८२ होती, सव्वादोन पटींची. १९९२ मध्ये टॅमरॉननं २८-२०० आणली, २००५ मध्ये निकॉनची कंपनरोधक असलेली १८-२०० आली, २०१७ मध्ये टॅमरॉनची १८-४०० आली, २२ पटींची आणि ७१० ग्रॅमची. एवढा पल्ला एका नळीत बसला हेच मला आश्चर्याचं वाटतं.

एक चाचणी मी मुद्दाम मावशीच्या ७०-३०० शेजारी ठेवून केली. दोन्ही लेन्स ३०० वर, गॅलरीतल्या तुळशीपासून दोन मीटरवर. ७०-३०० मध्ये मंजिऱ्यांनी चौकट भरून गेली, १८-३०० मध्ये कुंडीचा काठही दिसत होता. बिघाड नाही हा. जवळचा फोकस करताना या लेन्सची खरी फोकल लेंग्थ घटते. लांबच्या वस्तूवर ती ३०० च असते, जवळ ती २०० सारखी वागते. दुसरीकडे ती अर्ध्या मीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस करते, ७०-३०० ला १.१ मीटर मागे राहावं लागतं. फुलांचे फोटो काढणाऱ्याला हा फरक उपयोगी पडेल.

नळी खाली धरली की झूम आपोआप ओघळते, म्हणून १८ वर अडकवायचं कुलूप असतं. ते आहे का आणि घट्ट आहे का हे बघून घ्यावं. समोरून टॉर्च मारून आत बुरशीचे धागे नाहीत ना, हे चिपळूणसाठी सगळ्यात महत्त्वाचं. आणि डी५६०० मध्ये फोकसची बारीक दुरुस्ती करायची सोय नाही, म्हणून व्ह्यूफाइंडरमधून केलेला फोकस आणि स्क्रीनवरून केलेला फोकस जुळतो का तेही पाहिलं. जुळला.

हाताच्या स्थिरतेची चाचणी मी केली नाही. ती मावशीनंच करायची होती, कारण हात तिचा. जुना नियम असा, की डी५६०० सारख्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरवर ३०० साठी शटर निदान १/४५० सेकंदाचा हवा. कंपनरोधक चालू ठेवून तिनं १/२५०, १/१२५, १/६० आणि १/३० वर दहा-दहा फोटो काढले. १/२५० चे सगळे चांगले, १/१२५ ला दहापैकी सात, १/६० ला तीन, १/३० ला एकही नाही. कंपनरोधक किती मदत करतं हे सांगणाऱ्या जाहिरातीतल्या स्टॉपच्या आकड्यांपेक्षा हे सात आणि तीन तिच्या कामाचे.

वेरूळ

कैलास लेण्याच्या प्रांगणात आम्ही सकाळी लवकर पोहोचलो. डोंगर वरून खाली कोरत आणलेलं ते मंदिर. तिथे उभं राहिलं की फोटोग्राफरला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या असतात, सगळं मावावं आणि शिखरावरचं कोरीव कामही दिसावं. ध्वजस्तंभाशी उभं राहून मावशीनं १८ वर पूर्ण स्तंभ आणि मागचं मंदिर घेतलं, आणि पाय न हलवता २०० वर विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराच्या, कडेची एक मूर्ती घेतली. अशा जोड्या तिनं दिवसभर केल्या. आधीच्या सहलींत अशी एकही जोडी नव्हती. रावण कैलास हलवतोय ते शिल्प खोल सावलीत आहे. तिथे ७० वर आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ला न्यावा लागला, पण फोटो उत्तम आला.

दहाव्या लेण्यात, विश्वकर्मामध्ये, मर्यादा कळायला लागल्या. छताच्या दगडी फासळ्या १८ वर एफ/३.५ ला, १/१५ वर निघाल्या. जरा झूम केलं की अ‍ॅपर्चर आकसतं, १०० ला पोहोचेपर्यंत ते एफ/५.६ वर आलेलं असतं. ३०० वर एफ/६.३. एफ/२.८ च्या तुलनेत हा प्रकाश पाचवा हिस्सा.

संध्याकाळी हॉटेलवर नातवाचा फोटो काढताना मावशीनं कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश उघडला तर फोटोच्या तळाशी काळी अर्धवर्तुळाकार सावली पडली. लांब नळी आणि पुढचं ऊन अडवणारं हूड फ्लॅशच्या वाटेत येतं. हूड काढलं, थोडं झूम केलं, सावली गेली.

अजिंठा

अजिंठ्याला मी माझी ३५ एफ/१.८ पिशवीत घेतली होती. मावशीला आवडलं नाही. "एकच म्हटलं होतं ना." पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभं राहिल्यावर मी ती तिच्या हातात दिली. आत फ्लॅशला बंदी आहे, आणि असायलाच हवी. उजेड अगदी मंद. प्रवासी झूम ३५ वर एफ/४.५ च्या आसपास असते, माझी लेन्स सहापट जास्त प्रकाश आत घेते. झूमवर शटर १/४ ला जात होता, तिथे हिच्यावर तो १/२५ मिळाला. मागून गर्दी सरकत असताना १/४ सेकंद श्वास धरून उभं राहणं गुडघा दुखणाऱ्या माणसाला जमत नाही. पद्मपाणीचा खाली झुकलेला चेहरा, हातातलं निळं कमळ, ते झूमच्या फोटोत नुसतं आहे असं कळत होतं. ३५ च्या फोटोत भुवईची रेघ दिसते. हा फरक मला सगळ्या सहलीत सर्वांत मोठा वाटला, आणि कुठलीही प्रवासी झूम तो भरून काढू शकणार नाही. २०० ग्रॅमची ती छोटी लेन्स पिशवीत असायलाच हवी.

सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे सात मीटर लांब आहे आणि समोर खांबांची रांग. १८ वरही ती समोरून एका चौकटीत बसत नाही, पायांकडून तिरकं उभं राहून घ्यावी लागते. त्याला इलाज नाही.

दुपारी व्ह्यू पॉइंटवर गेलो. वाघूर नदीच्या वळणावरची लेण्यांची नालाकृती रांग १८ वर सुरेख आली. ३०० वर समोरच्या लेण्यांचे दर्शनी भाग मात्र पाण्याखालून बघितल्यासारखे लहरत होते. मावशी लेन्सला बोल लावायला लागली. मी तिला थांबवलं. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर प्रत्येक फोटोत खांब निराळ्या ठिकाणी वाकलेला. तापलेल्या खडकावरची हवा थरथरत होती, त्यात लाखाची लेन्सही हेच देईल. असे फोटो सकाळीच काढावेत.

दौलताबाद

खरं तर दौलताबाद मधल्या दिवशी झालं, पण निकालाशी त्याचा संबंध आहे म्हणून शेवटी सांगते. मावशी वर चढली नाही. चांद मिनाराजवळ सावलीत बसली, बाकीचे वर गेले. अर्ध्या-पाऊण तासानं मी खाली फोन केला तर ती म्हणाली, "मला दिसताय की. सोन्याची लाल टोपी दिसतेय, कठड्यापासून मागे घे त्याला." बारादरीजवळ आम्ही उभे होतो. ती आम्हांला ३०० वर, व्ह्यूफाइंडरमधून बघत होती.

तो फोटो तांत्रिकदृष्ट्या साधारण आहे. कडा पुसट, पांढऱ्या भिंतीजवळ किंचित जांभळट किनार. माणसं चौकटीत बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाहीत. पण टोपी लाल आहे आणि नातू हात हलवतोय.

निकाल

परत आल्यावर चिपळूणच्या स्टुडिओत ८ बाय १२ च्या दोन प्रिंट काढल्या. कैलासाच्या शिखराचीच दोन्ही. एक ३०० वर एफ/६.३ ला काढलेली, दुसरी २०० वर एफ/८ ला काढून तेवढ्याच आकाराला कापलेली, जिच्यात १०.७ मेगापिक्सेल उरले होते. मागे खूण करून मावशीसमोर ठेवल्या. तिला फरक सांगता आला नाही. स्टुडिओवाल्या काकांनी क्षणभर पाहिलं आणि कापलेली चांगली म्हणून बाजूला काढली. म्हणजे चित्राच्या दर्जापुरतं बोलायचं तर या नगावर ३०० चा आकडा २०० म्हणूनच वाचावा.

मी १८-१४० आणि ३५ एफ/१.८ अशी शिफारस केली. कारणं माझ्याकडे भक्कम होती. जुन्या फोटोंचा ढीग, कापण्याचा हिशेब, १४० पर्यंतची सफाई, शंभरेक ग्रॅमचा फरक. ७०-३०० कपाटात राहील आणि भिगवणला निघेल.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. "टोपी मला १४० वर दिसली असती का?"

नसती दिसली. फोटोत नंतर मोठी करून लाल ठिपका सापडला असता. बसल्या जागेवरून, त्या क्षणी, नातू कठड्याशी गेलाय हे दिसलं नसतं. मी लेन्स तपासली ती फोटो काढायचं साधन म्हणून. मावशीला ती त्याबरोबर दुर्बीण म्हणूनही हवी आहे, कारण जिथे तिचे पाय जात नाहीत तिथे तिचा डोळा जायला हवा. माझ्या भिंतीवरच्या वर्तमानपत्रात या गोष्टीसाठी रकाना नव्हता. ती ८ बाय १२ पेक्षा मोठी प्रिंट काढत नाही, तिचे हात १/२५० वर स्थिर आहेत आणि बहुतेक फोटो ती भर उजेडात काढते. तिच्यासाठी १८-३०० बरोबर आहे, माझी शिफारस मी मागे घेतली. गुडघे धड असलेल्या, मोठ्या प्रिंट काढणाऱ्या माणसाला मात्र मी आजही १८-१४० च सांगेन.

मार्चमध्ये तिनं वापरलेली १८-३०० घेतली, टॉर्च मारून, चार कोपरे बघून. सोबत ३५ पण घेतली, अजिंठ्यानंतर त्यावर वाद उरला नव्हता. पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या मी पाठवल्या, कारण अशी झूम दरवेळी आत-बाहेर होताना दमट हवा ओढून घेते. पिशवीच्या झाकणात आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे, तिच्याच अक्षरात: "उजेडात एफ ८. २०० च्या पुढे १/२५० च्या खाली नको. लेण्याच्या दारात ३५. चालताना कुलूप."

गेल्या रविवारी तिनं वाशिष्ठीच्या पलीकडच्या काठावर ऊन खात पडलेल्या मगरीचा फोटो पाठवला, ३०० वर, एफ/८. खाली लिहिलं होतं, "कडा मऊ आहेत, बघ. पण डोळा उघडा आहे."